फोन वाजला म्हणून वर्षभर बंदी? रसिकहो, जरा दमानं!

कर्नाळरोडची
परवा ‘रसिक_विश्रामबाग’ यांनी इथं लिहिलं की नाट्यगृहात ज्याचा फोन वाजेल त्याला उठवून बाहेर काढा, फोटो दारावर लावा, वर्षभर प्रवेश बंद करा. आणि शेवटी, ‘खेड्यापाड्यांतून आलेल्यांना नाटक कसं बघायचं ते कळतच नाही.’ लोकांनी धडाधड लाइक ठोकले. दोन दिवस गप्प बसले, आज राहवेना.

तो फोन माझा होता.

जुलै संपत आला होता, सांगलीत कृष्णा सकाळपासून चढत होती. तिकिटं जाऊबाईंनी पंधरा दिवस आधी काढलेली. घरी तळमजल्यावर सासूबाई एकट्या. शेजारच्या पोराला सांगून ठेवलं होतं, पाणी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत आलं की फोन कर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘एवढं काय येतंय’ म्हणून आम्ही बसून राहिलो आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा ४० ला, धोका ४५ ला, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. तेव्हा आम्ही दोन रात्री गच्चीवर काढल्या. फोन चार टक्क्यांवर आला असताना दिराला लागला आणि त्यानं नाव पाठवली. मुलीची दहावीची मार्कलिस्ट गेली, शिलाई मशीन गेलं. म्हणून पावसाळ्यात मी फोन बंद करत नाही. देवळात नाही, लग्नात नाही, नाटकातही नाही.

व्हायब्रेटवर ठेवला होता असं मला वाटत होतं. दुसऱ्या अंकात वाजला. पर्समध्ये हात घालून सापडेपर्यंत तीन रिंगा झाल्या. लाजेनं मेल्यासारखं झालं. आणि लपवत नाही, फोन पोराचा नव्हताच. कर्ज पाहिजे का विचारणाऱ्या बाईचा होता.

आता लावा फोटो दारावर.

रसिक_विश्रामबाग
ताई, तुमची अडचण खरी असेल. पण मग त्या दिवशी नाटकाला यायचंच कशाला? तिकीट कुणाला तरी द्यायचं. तुमच्या पुराची किंमत बाकीच्या पाचशे लोकांनी का मोजायची? सांगलीला नाट्यपंढरी म्हणायचं आणि पंढरीत येऊन पर्स उचकायची!

कर्नाळरोडची
कशाला? कारण वर्षातून एकदा घराबाहेर पडते म्हणून. आणि ‘तुमचा पूर’ म्हणे! पाणी आमच्याकडं पहिलं येतं एवढंच. २०१९ ला कुठं कुठं पोचलं होतं ते आठवा.

विंगेतला
बावीस वर्षं लाइट्स करतोय, मी बोलू का? रिंग वाजली की वाईट वाटतंच. नटानं एक पॉज महिनाभर तालमीत घासलेला असतो, आणि नेमकी त्यातच ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू होते. पण रिंगेपेक्षा वाईट काय सांगू? फोन उचलून ‘नाटकात हाय, नंतर करतो’ सांगणारे. ते कुजबुजत सांगतात आणि कुजबुज बाल्कनीपर्यंत जाते. त्याहून वाईट म्हणजे उजेड. विंगेतून बघा एकदा. अंधारात नुसत्या हनुवट्या उजळलेल्या, हडळी बसल्यासारख्या.

आणि रसिकराव, हे खेड्यातले नसतात हो. पहिल्या तीन रांगांतले असतात. पासवाले. दीपप्रज्वलन करून बसलेले मान्यवर. तिकीट काढून आलेला माणूस त्या मानानं गुमान बसतो.

भडंग_भाऊ
जॅमर बसवा. विषय संपला.

विंगेतला
भाऊ, जॅमर असा दुकानातून आणून बसवता येत नाही, केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि आत कुणाला ॲटॅक आला तर ॲम्ब्युलन्स काय शिट्टी मारून बोलावणार?

पलूसचा_पाव्हणा
‘खेड्यापाड्यांतून’ वर कुणी बोललंच नाही, म्हणून मी बोलतो. आमच्या शेजारी कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. अख्ख्या गावानं ठरवून केलं. आता साहेबांनी सांगावं, विश्रामबागेतल्या कुठल्या अपार्टमेंटमध्ये असला भोंगा वाजतो? तुमच्यात तर लिफ्टमध्येसुद्धा रील चालू असतं.

रसिक_विश्रामबाग
एका गावाचं उदाहरण देऊन जिल्हा सुधारत नाही. एसटीनं कधी गेलाय का विट्याला? तीन सीटवर तीन वेगळी गाणी. वर वरातीचा व्हिडिओ.

पलूसचा_पाव्हणा
रोज जातो. तुम्ही कारनं जाता, म्हणून एसटी फक्त आठवते.

मिरजेचा_तंबोरा
मला एक कळत नाही. शांत बसून नाटक बघणं ही आपली रीत झाली कधी? सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी पहिला खेळ केला तेव्हा राक्षस आरोळ्या ठोकत यायचे. पुढं संगीत नाटकांत तर प्रेक्षकच नाटक थांबवायचे. वन्स मोअर! आजोबा सांगायचे, नायिका प्राण सोडायला टेकलेली, पद संपलं, लोक ओरडले, ती उठून बसली आणि पुन्हा गायली. मग पुन्हा मेली. पहाटेपर्यंत चालायचं. तेव्हा कुणाचा रसभंग झाला नाही आणि आता तीन रिंगांनी आभाळ कोसळलं?

रसिक_विश्रामबाग
काय तुलना! वन्स मोअर ही नाटकाला दिलेली दाद. रिंगटोन ही नाटकाकडं फिरवलेली पाठ. एवढा फरक तंबोरा लावणाऱ्याला कळू नये?

मिरजेचा_तंबोरा
कळतो. पण वन्स मोअर न मागणाऱ्यालाही तीच चीज चारदा ऐकावी लागायचीच की. शेवटची गाडी चुकायची त्याची. त्याचा विचार कुणी केला?

विंगेतला
नटाला वन्स मोअर हवा असायचा. फोन कुठल्याच नटाला नको असतो. एवढ्यावर थांबू.

भडंग_भाऊ
मिरजकरांनी नाटकाबद्दल बोलावं म्हणजे कमाल. तुमच्याकडं दर्ग्याच्या उरुसात गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाण्याची सभा होते, तिथं मी गेलोय. कलाकाराचं तोंड दिसलंच नाही. पुढं सहा मोबाइल उभे, मी सहाही स्क्रीनमध्ये गाणं बघितलं.

मिरजेचा_तंबोरा
ते सहाही सांगलीहून आलेले असणार. आमचा माणूस डोळे मिटून ऐकतो. आणि नाट्यपंढरीचा तोरा मिरवू नका, नाटककार देवल तुमचे नव्हेत, हरिपूरचे.

भडंग_भाऊ
हरिपूर काय परदेशात हाय का? चालत जातो आम्ही! आणि नाटककार खाडिलकर? ते बी मिरजेला देऊ का बांधून?

मिरजेचा_तंबोरा
अब्दुल करीम खाँसाहेब दर्ग्यात निजलेत, सतारी आमच्याकडं घडतात. तुमच्याकडं हळद आणि भडंग.

भडंग_भाऊ
भडंग खाताना तर लय गोड लागतं!

पलूसचा_पाव्हणा
दोघंही शहरातले आणि अडाणी आम्ही.

कर्नाळरोडची
माझा धागा होता हा. वन्स मोअर नि सतारी झाल्या असतील तर रसिकराव, माझ्या फोटोचं काय ठरलं ते सांगा.

रसिक_विश्रामबाग
ताई, मागच्या वर्षी आईला घेऊन गेलो होतो. तिचं ते शेवटचं नाटक ठरलं. तिला ऐकायला कमी यायचं, मशीन लावून बसली होती. शेवटच्या प्रवेशात मागं कुणाचा तरी फोन वाजला, वाजतच राहिला. नायक काय बोलला ते तिला कळलं नाही. घरी येईपर्यंत विचारत होती, काय म्हणाला रे तो? मलाही ऐकू आलं नव्हतं. काहीतरी बनवून सांगितलं.

‘खेड्यापाड्यांतून’ हा शब्द मागं घेतो. फोटोही. बंदी मागं घेत नाही.

पलूसचा_पाव्हणा
उपकार झाले साहेब. भोंगा वाजवू का?

विंगेतला
रसिकराव, असंच पहिल्या दिवशी लिहायचं होतं.

ताई, फोनमध्ये एक सोय असते, सगळे नंबर गप्प आणि एकच नंबर चालू. कर्जवाल्या बाईचा वाजणार नाही, पोराचा तेवढा येईल. आणि कडेची खुर्ची घ्या, उठून जाता येतं.

कर्नाळरोडची
भाचीनं कालच लावून दिलं ते. पोराचा नंबर तेवढा व्हायब्रेटवर आहे.

रसिक_विश्रामबाग
पर्समध्ये किल्ल्या असतील तर व्हायब्रेटचाही आवाज होतो. पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा.

कर्नाळरोडची
मग हातात धरून बसेन. कडेची खुर्ची घेईन. तुमच्यापासून चार रांगा लांब.

भडंग_भाऊ
जॅमरचं काय मग?