एमआरआय: कुडाळ, कोल्हापूर की गोवा? दरात एवढा फरक कसा?

देवगड_बंदर:
आईचा एमआरआय करायचा आहे, डॉक्टरांनी लिहून दिलाय. कुडाळच्या बाजूला फोन केला तर साडेसात हजार सांगितले, कोल्हापुरात साडेचार, गोव्यात म्हापशाला नऊ. मशीन तेच ना, मग दर असे कसे? स्वस्त आणि चांगलं कुठे होईल ते सांगा. याच आठवड्यात न्यायचंय. "डॉक्टरांना विचारा" एवढंच सांगू नका, ते विचारून झालंय.

खाडीपलीकडे:
कशाचा एमआरआय? डोक्याचा, गुडघ्याचा, कमरेचा? वय किती?

देवगड_बंदर:
कमरेचा. ६४.

मालवणी_माणूस:
बांबोळीक जावा, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात. आमच्या मामांचा सगळा थयच झाला. डॉक्टर बरे आसत.

सावंतवाडी_बाजार:
मामांचं कधीचं? गोव्याबाहेरच्या पेशंटना बांबोळीत २०१८ पासून शुल्क लागू झालं. शिवाय रांग. याच आठवड्यातली तारीख मिळेल म्हणून तिकडे निघू नका.

मालवणी_माणूस:
शुल्क म्हणजे लूट न्हय. मी माका इलेलो अनुभव सांगतंय.

घाटमाथा:
सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत फुकट होतं की! रेशनकार्ड घेऊन जा.

सावंतवाडी_बाजार:
ती योजना ठरावीक उपचारांसाठी आहे, तेही यादीतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. चिठ्ठीवर लिहून दिलेला नुसता स्कॅन त्यात बसत नाही. म्हाताऱ्या बाईला उगाच हेलपाटे नकोत.

स्कॅन_रूम:
मी एमआरआय सेंटरला टेक्निशियन आहे. तिन्ही ठिकाणी एकाच स्कॅनचा दर विचारलात का? चिठ्ठीवर नक्की काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर इथे टाका. नुसती कंबर असेल तर एक दर. सोबत "होल स्पाइन स्क्रीनिंग", म्हणजे अख्ख्या मणक्याची वरवरची पाहणी, असेल तर वाढतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून टोचतात ते औषध, असेल तर इंजेक्शनचे वेगळे. कोणी फोनवर सगळ्यात कमी आकडा सांगतं आणि काउंटरवर बाकीचं लावतं. फिल्म आणि रिपोर्ट त्यातच धरलेत का, तेही विचारायचं. आणि शरीरात कुठे धातू? पेसमेकर, रॉड, प्लेट?

देवगड_बंदर:
चिठ्ठीवर "एमआरआय एल एस स्पाइन विथ होल स्पाइन स्क्रीनिंग" आहे, म्हणजे कमर आणि सोबत स्क्रीनिंग. रॉड आहे, डाव्या मांडीत. जुना आहे, त्याचा काय संबंध?

स्कॅन_रूम:
संबंध आहे. मांडीतल्या जुन्या रॉडला बहुतेक वेळा अडचण येत नाही, पण आधी सांगावंच लागतं. ऑपरेशनचा कागद असेल तर सोबत न्या. आयत्या वेळी कळलं तर परत पाठवतात आणि तुमचं गाडीभाडं फुकट जातं. कॉन्ट्रास्ट लिहिलेलं नाही, म्हणजे ते पैसे कोणी लावले तर का ते विचारा. डॉक्टरांनी नंतर सांगितलंच तर आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी मागतील, किडनी बघायला.

हापूस_बाग:
एवढं कशाला? सिटी स्कॅन करा, निम्म्यात होईल. माझ्या भावाचं सिटीवरच भागलं.

स्कॅन_रूम:
सिटीत हाडं छान दिसतात. मणक्यांमधली चकती आणि दबलेली नस बघायची तर एमआरआय. डॉक्टरांनी मुद्दाम लिहिलाय तो आपण बदलायचा नाही.

खाडीपलीकडे:
पायात मुंग्या, बधिरपणा आहे का? लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद गेली तर दर बघत बसू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात थेट न्या.

देवगड_बंदर:
मुंग्या आहेत. चालते, बाकी ठीक. पण डॉक्टर म्हणाले, अमक्याच सेंटरला करा, तिथलाच रिपोर्ट बघेन. ते नऊवालं आहे.

घाटमाथा:
कट प्रॅक्टिस! पेशंट पाठवायचं कमिशन, सरळ कट!

सावंतवाडी_बाजार:
तसं लगेच म्हणू नये, काही डॉक्टरांचा एखाद्या रेडिओलॉजिस्टच्या वाचनावर भरवसा असतो. पण सक्ती नाही करता येत. तपासणी कुठे करायची हे पेशंटने ठरवायचं, हा हक्क मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. शांतपणे विचारा: "दुसरीकडची सीडी आणली तर बघाल ना?"

हापूस_बाग:
कोल्हापूर ठरलं तर फोंडा घाटाने जाताना सकाळी लवकर निघा. पावसात घाटाचा काही भरवसा नाही. आणि हायवेचं काम तर... असो.

खाडीपलीकडे:
गाडीभाडं धरलंत का? मुंग्या येणाऱ्या बाईला घाटातून नेऊन आणायचं, दोन माणसं, जेवण. साडेचारचे किती होतात ते वहीत मांडा.

देवगड_बंदर:
मांडलं. गाडीचेच साडेतीन हजार, म्हणजे कोल्हापूर महागच. कुडाळला पुन्हा फोन केला, चिठ्ठी वाचून दाखवली, रॉडचं सांगितलं. साडेसातमध्ये स्क्रीनिंग, फिल्म, रिपोर्ट सगळं धरलंय म्हणतात. व्हॉट्सॲपवर लिहून मागितलंय. मशीन दीड टेस्लाचं आहे म्हणाले, चालेल का?

स्कॅन_रूम:
टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद, कमरेला दीड पुरेसं. लेखी आलं की गुरुवारची वेळ घेऊन टाका. आईंना सोन्याचं काही घालून आणू नका, मंगळसूत्र घरीच ठेवा.

मालवणी_माणूस:
आवाज लय मोठो येता, आधी सांगून ठेवा त्यांका. आमचे मामा घाबरलेले.