सल्ला हवाय: खवले मांजराची अद्भुतकथा लिहितेय, पण ती इथली वाटत नाही

वाळपईची_पावसाळी
नमस्कार मंडळी. मी मूळची गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, नोकरी पणजीत. दोन वर्षं एक अद्भुतकथा लिहितेय. नायक खवले मांजर. त्याला जादूचा खडा सापडतो, तो हिसकावायला काळोखाचा राजा येतो, मग प्रवास, लढाई वगैरे. चाळीसेक पानं झालीत. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला पाठवली होती. संपादकांनी फोन करून विचारलं, "भाषांतर छान झालंय, मूळ कुठलं?" मूळ माझंच हो! दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचली आणि त्यांचं पटलं. खवले मांजराच्या जागी ससा घातला तरी एक ओळ बदलावी लागणार नाही.

काय वाचू ते कृपया सांगू नका, वाचून वाचूनच हे झालंय. कुठे जाऊ, काय बघू, आणि प्राणी तोंड उघडताच माणूस होतो ते कसं टाळू, एवढं सांगा. थोड्या निसर्गकविताही आहेत, मुक्तछंदात. त्यांचंही तेच रडगाणं. आणि हो, संवाद कोंकणीत घेतले तर चालतील का?

कुळागरवाला
शेवटच्या प्रश्नाने धागा दोनशे प्रतिसादांवर जाणार. मी चहा ठेवतो.

केरीचा_मास्तर
बाय, आधी तो खडा काढा. म्हणजे टाकू नका, जागा बदला. खवले मांजराला दात नसतात. लांब जिभेने मुंग्या-वाळवी ओढून घेतं आणि पोटात गेलेले बारीक खडे ते दळण दळतात. खडा तुमच्या गोष्टीत होताच, फक्त मुकुटात नाही, पोटात हवा होता.

आता ते जेवतं कुठे? वारुळात. आणि आपल्याकडे वारूळ म्हणजे कोण? सांतेर! गोव्यात कितीतरी गावांची ग्रामदेवता सातेरी, तिचं मूळ रूप म्हणजे रोयण. गर्भगृहात आजही वारूळच पुजलं जातं अशी देवळं आहेत. म्हणजे देवीचं घर तेच ह्याचं ताट. रोज रात्री उपाशीपोटी देवीच्या दारात उभं राहायचं, आणि नखं तर खणण्यासाठीच मिळालेली. काळोखाचा राजा हवाच कशाला?

बोलण्याचं म्हणाल तर प्राण्याला खुशाल बोलू द्या, पण त्याच्या नाकाने बोलू दे. खवले मांजराची नजर अधू, वास मात्र तिखट. त्याने "काय सुंदर चांदणं पडलंय" म्हटलं की तुमचा प्राणी मेला. त्याच्या जगात चांदण्याला वास असला पाहिजे, नाहीतर चांदणं नसलंच पाहिजे. घाबरला की तो तलवार उपसत नाही, गुंडाळी करून चेंडू होतो. लढाईच्या प्रसंगात नायक गोल होऊन पडलाय, हे लिहून बघा. अवघड आहे, पण ससा घालता येणार नाही.

वाळपईची_पावसाळी
मास्तर, पोटातला खडा वाचून ऑफिसात मोठ्याने "अगो बाय" म्हणाले. सगळ्यांनी माना वळवल्या.

रानवाट_७
जागा विचारल्यात म्हणून. सत्तरीतल्याच असून बांबरची निरंकाराची राय पाहिली नसेल तर आधी तिथे जा. देवराई आहे, आणि आत जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल. चिखलात मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि परत आत शिरतात. दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की वाटतं, शंभर माणसं गुडघे वर करून चिखलाखाली झोपलीत.

तिथे चपला काढून जायचं असतं. मी शहाणा, घालून गेलो. फोटोच्या नादात एक पाय रुतला, पाय आला, चप्पल नाही आली. हाताने चाचपली, काठीने ढवळलं, छे! सोबतचा गावातला म्हातारा शांतपणे म्हणाला, "राखणदाराक जाय आसतली." एका पायात चप्पल घालून परत आलो आणि वाटभर डोक्यात एकच, तो एका चपलेचं करणार काय?

अवांतर: हद्दीपलीकडे आरवलीच्या वेतोबाला भलेमोठे चामड्याचे जोडे वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि जोडे झिजतात, अशी श्रद्धा. आपले देवचार, राखणदार त्याच जातकुळीतले, खांद्यावर कांबळं, हातात दांडा. झिजणारे जोडे म्हणजे देवालाही अंतर कापावं लागतं, तो बोटाच्या चुटकीसरशी कुठेही पोचत नाही. अशी मर्यादा घातलेली जादू आयती असताना आपण मंतरलेल्या अंगठ्या कुठून कुठून आणतो!

पावसात रात्री म्हादईच्या रानात गेलात तर (वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच) कुजक्या लाकडावर उजळणारी अळंबी दिसते. विजेरी बंद करून डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. मला आधी वाटलं कुणाचा मोबाईल पडलाय. रंग मात्र 'हिरवा' म्हणून मोकळं होऊ नका. मला तो ताकाच्या निवळीसारखा दिसला होता.

डोंगरमाथा
सगळे देवराई देवराई करताय, जरा कडू बोलतो. माझं घर अभयारण्याच्या कडेला. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषबाधा झालेली. पुढचा महिनाभर फोनवर वाघाच्या कवितांचा पूर. सगळ्यांत वाघ राजा आणि गावकरी राक्षस. एकाही कवितेत म्हैस नव्हती. दावं रिकामं झालं की त्या घरात सकाळी काय होतं, चहात दूध कुणाचं पडतं, हे कुणी लिहिलं नाही. सत्तरीत वाघ्रोचा पाषाण पुजतात, डोंगराचं नाव वाघेरी, आणि तिथेच हेही घडलं. वाघाला नुसता देव किंवा नुसता बळी केलंत तर मी तरी पान उलटणार.

केरीचा_मास्तर
@डोंगरमाथा, तुमच्या ह्या प्रतिसादातच कविता आहे. रिकाम्या दाव्यापासून सुरू करा.

डोंगरमाथा
मास्तर, मी फक्त वाचतो. आणि गुरं राखतो.

बोरीचा_बांध
मगरीला कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. आमच्या बोरीत पौष अमावास्येला मानगें थापणी होते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात, माणसाला-गुराला इजा करू नको म्हणून. पूजा जंगलातल्या मगरीची नाही, स्वतःच्या हाताने थापलेल्या मगरीची. आता ती चिखलाची मगर रात्री भरतीच्या पाण्यात उतरली तर? विरघळेल की पोहेल? ही कल्पना घ्या हवी तर, मला लिहिता येत नाही. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून पाणी आत-बाहेर होतानाचा आवाज मात्र ऐकून घ्या, फुकट आहे.

चोडणची_फेरी
कवितांबद्दल मी. मुक्तछंद वाईट नाही, पण 'हे निसर्गा' म्हणून हाक मारायला लागलो की तो आपल्याला वाहवत नेतो. मला अभंगाच्या मापाने शिस्त लावली. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. तेवढ्या जागेत 'अद्भुत', 'अलौकिक' असले शब्द मावतच नाहीत.

धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट. कित्येक आठवडे ती आतच, उडायची पिसंसुद्धा गळून जातात. नर फटीतून फळं भरवतो. नर परतलाच नाही तर काय, ह्यावर अख्खी कादंबरी होईल. मी एवढंच केलं:

ढोलीचिया दारी । चिखलाची भिंत ।
चोचभर खंत । उजेडाची ॥

पिसे गळोनिया । उरले मी अंग ।
चोचीतून रंग । उंबराचे ॥

कुळागरवाला
पहिलं कडवं झकास. दुसऱ्यात 'गळोनिया' कशाला? पक्षीण एकविसाव्या शतकातली आहे ना?

चोडणची_फेरी
सहा अक्षरं भरून दाखवा, बदलते.

कुळागरवाला
'पिसे गेली सारी'.

चोडणची_फेरी
हम्म. चांगलं आहे, राग येतोय. बदलते.

एक_भाषाप्रेमी
कोंकणी संवाद नकोत. मराठी लिहायचं तर शुद्ध मराठी लिहा, नाहीतर सरळ कोंकणीत लिहा. ही धेडगुजरी...

कुळागरवाला
आला! चहा तयार आहे.

केरीचा_मास्तर
भाषावादासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. पावसाळीताई, माझं मत विचाराल तर निवेदन मराठीत ठेवा, पण रोयणीला रोयणच म्हणा, मानशीला मानस, राखणदाराला राखणदार. खाली अर्थ देऊ नका. पुण्याचा वाचक दोन पानांत शिकतो. म्हातारा चिखलाकडे बघून "राखणदाराक जाय आसतली" म्हणाला, ते वाक्य मराठीत करून बघा, त्यातला म्हातारा निघून जातो.

आणि एक जागा राहिली. रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडात बैल, हरणं आणि एक गोल चक्रव्यूह कोरलाय. सकाळी तिरपं ऊन असताना जा, भर दुपारी रेषा नीट दिसत नाहीत. चक्रव्यूहाच्या रेषेवरून डोळ्यांनी आत जा आणि बाहेर या. मला कुठल्याही नकाशापेक्षा तो बरा वाटतो.

वाळपईची_पावसाळी
सगळ्यांचे आभार. चाळीस पानं बाजूला ठेवली. काल रात्री नवी सुरुवात केली, झोडपा:

"देवीच्या घराला आज ओल्या मातीचा वास होता. म्हणजे भिंत मऊ. म्हणजे आज खणायला सोपं. तो तीन रात्रींचा उपाशी होता. पोटातले खडे एकमेकांवर घासत होते, दळायला काही नसताना. त्याने नाक भिंतीला टेकवलं. आतून हळदीचा वास आला, कुणीतरी सकाळी पूजा करून गेलं होतं."

डोंगरमाथा
हळद आवडली. पूजा करून गेली ती बाई कोण?

केरीचा_मास्तर
जमतंय. गोष्टीत मिरगाचा पहिला पाऊस ठेवा. त्या संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी आपण होऊन वारुळाबाहेर उडते. देवीला दार उघडायचंच असेल तर तेव्हा.

वाळपईची_पावसाळी
मास्तर!! हे मला सुचायला हवं होतं.
रविवारी बांबरला जातेय, अनवाणी. @रानवाट_७, तुमची चप्पल दिसली तर आणू का?

रानवाट_७
नको, राहू दे. डावी होती, म्हणावं.