मदत हवी आहे: लग्नाचा वाढदिवस, स्टेक आणि फुटबॉल

मंडळी, नोव्हेंबरात आमच्या लग्नाचा वाढदिवस नेमका शनिवारी येतोय. मुलगी आजीकडे राहायला तयार आहे, त्यामुळे शनिवार-रविवार आम्हा दोघांचाच. मला स्टेक हवाय, नवऱ्याला प्रीमियर लीग. राहतो नेरुळला.

आधी स्टेकचं. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी, म्हणजे मिळणार ते बफ (म्हशीचं) टेंडरलॉइन, त्याला माझी ना नाही. पण मागच्या वेळी एका ठिकाणी मीडियम रेअर सांगितलं, तर कोबीच्या पानावर चर्रर्र करत सिझलर आलं! वर ब्राऊन सॉस, बाजूला फ्राइज आणि आतून मांस करपायच्या बेतात. गरम तव्यावर ते टेबलापर्यंत शिजतच राहणार ना! तर वाशी, सीवूड्स, बेलापूर किंवा ठाण्यात साध्या प्लेटमध्ये, आतून गुलाबी स्टेक देणारं कोणी आहे का? स्वतः खाल्लं असेल तरच सांगा, रील बघून नको.

आता मॅच. ऑक्टोबरअखेर इंग्लंडची घड्याळं मागे जातात, म्हणून तिथली दुपारी तीनची मॅच आपल्याकडे रात्री साडेआठला, ऐन जेवणाच्या वेळी. स्क्रीन दिसेल पण बोलणंही ऐकू येईल अशी जागा हवी. डीजे असेल तर नाव सुचवूच नका.

रविवारी डी. वाय. पाटील स्टेडियम बाहेरूनच बघू. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल तिथेच झाली, हे नवरा प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. त्या बाजूला तासाच्या हिशोबाने भाड्याने मिळणारं फुटबॉलचं टर्फ कुणाच्या माहितीत आहे? साधारण दर काय?