सांगलीत भडंग सोडून आहे काय?
कुणीतरी विचारलंय की भडंग आणि गणपती मंदिर सोडलं तर सांगलीत बघायला आहे काय. अहो बघायला कशाला, राहायला या की! कृष्णा नदीवर आयर्विन पूल आहे १९२९ चा, पावसाळ्यात आमच्याकडं पाऊस किती झाला असं कोण विचारत नाही, आयर्विनला पाणी किती फूट झालं ते विचारतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ च्या पण वर गेलेलं, सगळी बाजारपेठ पाण्यात, पण पाणी उतरलं की लोक दुकानं धुवून परत तिथंच, हलायचं नाव नाही.

मला विचाराल तर मिरज जास्त आवडतं (सांगलीकर मारतील आता). सतारमेकरांच्या गल्लीत मोठमोठे वाळलेले भोपळे टांगलेले असतात, मंगळवेढ्याकडून येतात, त्यांचेच पुढं तंबोरे होतात. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) पण मिळाला, उशिराच म्हणायचा. आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात गाणं असतं, ते एकदा ऐकाच. एप्रिल-मे मध्ये फिरायला येऊ नका फक्त, जाम तापतं.