अनुभव लिहा : ज्या सिनेमावर थिएटरातच लोक भडकले

ओसरी

काल रात्री भाचा मोबाईलवर 'कोर्ट' बघत होता, तो एका लोकशाहीरावरच्या खटल्याचा मराठी सिनेमा, तोही दीडपट वेगाने. मी शेजारी बसून मेथी निवडत होते. मध्येच म्हणाला, "मावशी, यात काही घडतच नाही गं. नुसती माणसं बसलीयेत." आणि मला एकदम एप्रिल २०१५ आठवला. रात्री झोप लागेना, म्हणून हा धागा.

आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा आणि आईबाबा. सिनेमाला नुकतंच सुवर्णकमळ मिळालेलं, त्याच्या आदल्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार. पेपरात रोज काही ना काही येत होतं, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी थिएटर बऱ्यापैकी भरलेलं. वीस मिनिटांत मागे चुळबुळ सुरू झाली. कोर्टाचा एक सीन, कॅमेरा एका जागी ठोकून ठेवलेला, लोक येतायत, जातायत, पंखा फिरतोय. मागून आवाज आला, "अरे कॅमेरा हलवा रे कुणीतरी!" सगळे हसले. मग जो तो बोलायला लागला.

शेवटाकडे कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, पडदा काळा. अर्धं थिएटर उठलं, लोक पायाने चपला चाचपायला लागले. आणि पडदा परत उजळला, न्यायाधीश साहेब सहलीला निघालेत! तेव्हा जो आरडाओरडा झाला तो मी कुठल्याच सिनेमाला ऐकलेला नाही. "अजून आहे??" एकाने चक्क शिवी हासडली. एक काका दारात उभे राहून ओरडले, "पुरस्कार देणाऱ्यांना आणून बसवा इथे!"

बाबा ३४ वर्षं कोर्टात होते, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. मला वाटलं होतं त्यांना तरी आवडेल. गाडीत अवाक्षर नाही. जेवायला बसल्यावर म्हणाले, "साक्षीदार एवढं बोलतो आणि साहेब स्टेनोला एकच ओळ सांगतात, तेव्हा लोक हसत होते. यात हसण्यासारखं काही आहे हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं." आणि ताटावरून उठले. पुढे दोन दिवस घरात कोणी त्या सिनेमाचं नाव काढलं नाही.

तुमचेही असे अनुभव लिहा. कुठलाही सिनेमा चालेल, फक्त मोठ्या बॅनरचा नको.

रानमेवा

रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय, सविस्तर नंतर.

वाटसरू_७

फँड्री. १४ फेब्रुवारी २०१४, पहिला दिवस, तालुक्याचं थिएटर. तारीख बघा. आणि टीव्हीवर दिवसभर ते 'तुझ्या पिरतीचा इंचू' चालू. पोरंपोरी जोडीने आलेली, काही तर गुलाब घेऊन. सगळ्यांना वाटलं शाळेतली लव्हस्टोरी आहे, गाणं कधी येतं याची वाट बघत बसले. ते गाणं सिनेमात नाहीच, नुसतं जाहिरातीसाठी केलेलं. इंटरवलला कँटीनपाशी नुसता राडा, "फसवलं, पैसे परत द्या" वगैरे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. डुक्कर पकडायचा सीन, नायकाचं अख्खं घर डुकरामागे धावतंय. पडद्यावर गावातली पोरं टवाळी करतायत, हसतायत, आणि थिएटरातली पोरंही त्यांच्यासोबत हसतायत. शिट्ट्या. माझ्या बाजूला माझा मित्र होता. त्याचं घर तसंच, त्याच वस्तीतलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता, मान वळवून मागच्या हसणाऱ्यांकडे बघत होता. मग नायकाने भिरकावलेला तो शेवटचा दगड आला, थेट कॅमेऱ्यावर. थिएटर एका सेकंदात गप्प झालं. बाहेर पडल्यावर मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "हा काय शेवट झाला का?" मित्र त्याला म्हणाला, "तुलाच मारलाय तो." मारामारी होता होता राहिली. आम्ही दोघं बाईकवर बसून निघालो. पूर्ण रस्ता तो रडत होता आणि मी मागे न बघता गाडी चालवत होतो.

खिडकीपाशी

वाटसरू, अंगावर काटा आला. मित्र कसा आहे आता?

वाटसरू_७

बरा आहे. शिक्षक झाला. दर वर्षी मुलांना दाखवतो तो सिनेमा.

स्पष्टच_बोलतो

मी त्या 'पैसे परत द्या' वाल्यांतला. फँड्रीच्या नाही, कोर्टच्या वेळचा. आणि आजही माझं मत तेच आहे. आठवड्यातून एक सुट्टी, बायकोला आणि आईला घेऊन गेलो. सिनेमा कोणासाठी काढता? महोत्सवातल्या लोकांसाठी काढला असेल तर महोत्सवातच दाखवा ना. वकील मॉलमध्ये चीज आणि वाईन घेतोय ते इतका वेळ का बघायचं मी? आईने विचारलं, "अरे तो गाणारा सुटला का?" मला सांगता आलं नाही. दोन तास बसून एवढं सुद्धा सांगता येऊ नये?

ओसरी

स्पष्ट, तुमचा राग मला कळतो, खरंच. माझ्या आईनेही नेमकं हेच विचारलं होतं, गाणारा सुटला का. बाबा म्हणाले, "तारीख पडली." तिला वाटलं ते चेष्टा करतायत.

काळा_कोट

मी वकिली करते, सत्र न्यायालयात. स्पष्टजी, तुमच्या आईंचा प्रश्न आमचे अशील रोज विचारतात आणि आम्हालाही सांगता येत नाही.

मी हा सिनेमा बार असोसिएशनमधल्या वकील मैत्रिणींबरोबर पाहिला. आमची एक पूर्ण रांग होती. स्लीव्हलेस घातलंय म्हणून साहेब त्या बाईची केस ऐकतच नाहीत, पुढची तारीख देतात, तो सीन आठवतोय? आम्ही हसलो. मागून एक बाई म्हणाल्या, "बरोबरच आहे, कोर्टात असं येतात का?" आमच्यातली एक मागे वळून भांडायला लागली. पुढची दहा मिनिटं कोणाला काही ऐकू आलं नाही.

सिनेमात लोकशाहीर नारायण कांबळेवर लावलेलं भारतीय दंड संहितेचं कलम ३०६ खरं आहे, आत्महत्येला प्रवृत्त करणं, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आता भारतीय न्याय संहितेत ते १०८ झालंय. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला. लोक म्हणत होते हे अतिशयोक्त आहे. मी गप्प बसले. कशाकशावर गुन्हे दाखल होतात ते कागद मी रोज वाचते.

खिडकीपाशी

दीडपट वेगावर आमच्याकडेही रोज वाद. मुलगी तर दुप्पट करते. गाणी पण!! ओसरी, भाच्याला म्हणावं मेथी पण दीडपट वेगाने निवडून दे.

ओसरी

सांगते. :)

दुर्बीण

माझा नाही, मामाचा अनुभव. मामा सत्तरच्या दशकात फिल्म सोसायटीत जायचा. तिथे दिग्दर्शक मणी कौलचा 'उसकी रोटी' हा हिंदी सिनेमा लावला होता. मोहन राकेशांच्या कथेवरचा. बायको नवऱ्याची भाकरी घेऊन बस थांब्यावर उभी, बस ड्रायव्हर नवरा येत नाही. बास. एवढंच. मामा सांगतो, सुरुवातीला साठ-सत्तर लोक होते, संपताना अकरा. एक गृहस्थ जाताना प्रोजेक्टरसमोर मुद्दाम उभे राहिले, पडद्यावर त्यांच्या डोक्याची सावली! म्हणाले, आता काहीतरी हलेल पडद्यावर.

मामा तेव्हा त्यांच्याबरोबर हसला होता. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्याने परत बघितला, तोवर मामी गेली होती. कौलने त्यात मुख्यतः दोनच भिंगं वापरली होती, २८ आणि १३५ मिलिमीटरची, हे मामाला आता पाठ आहे. कोणी आलं की हातांनी चौकट करून दाखवतो, जवळचं असं दिसतं, लांबचं असं. पण तो सिनेमा का आवडला ते सांगत नाही. विचारलं तर चहा टाकायला उठतो.

मोरपंखी

मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मला इंटरवलचा राग येतो. असल्या सिनेमात मध्यंतराची जागाच नसते, थिएटरवाले कुठेही कापतात. कोर्टला आमच्याकडे साक्ष चालू असताना वाक्याच्या मधेच दिवे लागले. परत येईपर्यंत धागा तुटलेला. निम्मे लोक समोसे घेऊन आलेच नाहीत. माझी सासू मात्र पूर्ण वेळ बसली, स्वेटरचे टाके घालत. अंधारात! एक टाका सुटला नाही.

खिडकीपाशी

मोरपंखी, सासूबाईंना आवडला का पण?

मोरपंखी

म्हणाल्या सरकारी वकीलबाई आवडली. कोर्टातून येते, लोकलमध्ये बसते, घरी येऊन स्वयंपाक करते. "हिचं कोणी बघत नव्हतं इतके दिवस."

सातासमुद्रा

हे सगळीकडेच होतं. १९६० च्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'ला प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली की नायिका मोनिका व्हिती रडत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक रोसेलिनीसकट बऱ्याच मंडळींनी सिनेमाच्या बाजूने सही करून पत्रक काढलं. महोत्सवात त्याला ज्युरीचं पारितोषिक मिळालं.

आणि २००३ मधलं एक. दिग्दर्शक व्हिन्सेंट गॅलोचा 'ब्राउन बनी' कानमध्ये दाखवला तेव्हा अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने लिहिलं की महोत्सवाच्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट सिनेमा. दोघांत जाहीर भांडण जुंपलं. मग गॅलोने सुमारे २६ मिनिटं कापली, आणि २००४ मध्ये त्याच ईबर्टने त्याला चारपैकी तीन तारे दिले. मला ही गोष्ट फार आवडते. दोघंही एकेक पाऊल मागे आले.

स्पष्टच_बोलतो

बघा, कापला म्हणूनच सुधारला ना! मी काय वेगळं म्हणतोय?

सातासमुद्रा

स्पष्ट, हा मुद्दा तुमचा. मान्य.

रानमेवा

आले. कुकर झाला, मुलाचा अभ्यास झाला.

मी 'कोर्ट' अर्ध्यात सोडून आलेली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, कंटाळून सीटवर उभा राहत होता, मागचे ओरडत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही काही कळत नव्हतं. रागाने बाहेर पडले. बहिणीला फोन करून सांगितलं, अजिबात जाऊ नकोस.

नंतर एकदा आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी उपसायला दोन माणसं आली. मी गॅलरीतून बघत होते. एक जण आत उतरायच्या आधी झाकण उघडून नुसता बसून राहिला. मी वरून विचारलं काय झालं. म्हणाला, "झुरळ येतंय का बघतोय ताई. आलं तर आत हवा आहे." मला काहीच कळलं नाही, मी हो म्हटलं. त्या रात्री बहिणीशी बोलताना हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं हे त्या सिनेमात आहे. तिने माझं ऐकलं नव्हतं, जाऊन आली होती. मृत कामगाराची बायको साक्षीत हेच सांगते.

मग मी पूर्ण बघितला, घरी, एकटीने. साक्ष झाल्यावर वकील तिला गाडीने घरी सोडतो, पैसे देऊ करतो. ती घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. मी तिथे थांबवून ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. आता मशीनवालेच येतात. सेक्रेटरींशी जे वाजलं ते वेगळं लिहीन कधीतरी.

काळा_कोट

रानमेवा, फार चांगलं केलंत. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं गुन्हाच आहे, सोसायटीवरही येतं. सेक्रेटरींना सांगा, अडलं तर मला विचारा.

वाटसरू_७

'कोर्ट'मधल्या लोकशाहीराचं काम करणारे वीरा साथीदार नागपूरचे होते, प्रत्यक्षातही चळवळीतला माणूस. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "थिएटरात ज्यांना बघून आपण घड्याळ बघत होतो ते गेले." मी काही लिहिलं नाही.

स्पष्टच_बोलतो

रानमेवा ताईंचं वाचलं. ते झुरळाचं मला आठवत नाही. बहुतेक तेव्हा मी तिकिटाचं भांडायला बाहेर गेलो होतो. तेवढा भाग बघतो. बाकी मत तेच.

ओसरी

बघा, आणि इथे येऊन लिहा. नाही आवडला तरी लिहा.

बाबांना आज सकाळी हा धागा वाचून दाखवला. दुर्बीणच्या मामांचं दोनदा वाचायला लावलं. मग त्या रात्रीबद्दल मी पहिल्यांदाच विचारलं, तुम्ही चिडला होतात ते कोणावर? म्हणाले, एक केस होती, एका म्हाताऱ्याची, अकरा वर्षं चालली. प्रत्येक तारखेला तो बाबांना नमस्कार करायचा आणि बाबा बोर्डावरून, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीवरून, मान वर न करता पुढची तारीख सांगायचे. "लोक उठून ओरडत होते ना, तेव्हा मला वाटलं हा म्हातारा कधी ओरडला नाही."

काळा_कोट

ओसरी, बाबा कुठल्या वर्षी निवृत्त झाले? टाइपरायटरचा काळ का? आम्ही काही जण जुन्या रोजनाम्यांबद्दल, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदींबद्दल, माहिती जमवतोय. त्यांना चालणार असेल तर बोलायला आवडेल.

ओसरी

हो हो, टाइपरायटरच. संगणक त्यांच्या शेवटच्या चार वर्षांत आले. त्यांना फार आवडेल. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते, संध्याकाळी सहानंतर करा, दुपारी झोपतात.