क्लबची पहिली परदेश सफर : चौदा मोटारसायकली, सुनौली ते मुक्तिनाथ

घाटवाट (सांगली)

नमस्कार. आमच्या मोटारसायकल क्लबचे चौदा सदस्य येत्या दसऱ्याच्या सुट्टीत सुनौलीमार्गे नेपाळमध्ये शिरून पोखरा आणि मुक्तिनाथ करून परतणार आहेत. नेपाळसाठी आठ दिवस धरले असून पोखराहून मुक्तिनाथ एका दिवसात गाठावे, असे बहुतेकांचे मत पडले. कोकण, गोवा आणि एकदा लेह एवढा आमचा अनुभव आहे, परंतु सीमा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ आहे. दोघांच्या गाड्या त्यांच्या स्वतःच्या नावावर नाहीत. एकाची वडिलांच्या नावावर आहे, तर दुसऱ्याची धाकट्या भावाच्या. आमच्यात २४ वर्षांच्या मुलापासून ६१ वर्षांच्या निवृत्त सरांपर्यंत सर्व वयाचे लोक असल्यामुळे एकाच रांगेत जावे की गट पाडावेत, यावर मागच्या बैठकीत बराच वाद झाला. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कळसूबाई (नाशिक)

आधी तारीख बदला, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांतच नेपाळचा दशैं असतो आणि तो त्यांचा वर्षातील सर्वांत मोठा सण आहे. कामानिमित्त शहरात राहणारी माणसे त्या काळात गावी निघतात, बसगाड्या भरून वाहतात आणि सरकारी कार्यालयांना सुट्ट्या असतात. शिवाय पावसाचे शेपूट कधी कधी तोवर लांबते. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीने काठमांडूकडे जाणारे रस्ते दरडींखाली गेले होते. दसरा आणि दिवाळी यांच्या मधले दिवस मिळत असतील, तर तेच घ्यावेत.

कागदपत्रांपैकी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र प्रत्येकाजवळ मूळ प्रतीत असावे. केवळ आधारवर विसंबून निघू नये. पलीकडे बेलहियाला गाडीचा भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, दिवसांच्या हिशेबाने भरावा लागतो आणि पावतीवरील मुदत संपण्याच्या आत गाडी बाहेर काढावी लागते, अन्यथा दंड बसतो. आठ दिवस राहायचे असेल तर पावती दहा दिवसांची घ्या, कारण दरड कोसळली की तारीख आपल्या हातात राहत नाही. दुसऱ्याच्या नावावरील गाड्यांसाठी मालकाचे संमतिपत्र नोटरीकडून करून घ्या, मग मालक सख्खे वडील असले तरी.

आणखी एक गोष्ट बहुतेक क्लब विसरतात. आपल्या गाडीचा नेहमीचा विमा भारतापुरताच असतो. थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीचे भौगोलिक क्षेत्र नेपाळपर्यंत वाढवून मिळते आणि तशी नोंद पॉलिसीवर करून घ्यावी लागते. चौदाच्या चौदा पॉलिसी स्वतः उघडून पाहा.

शेवटची गाडी (पुणे)

आम्ही नऊ जण एका रांगेत गेलो होतो आणि तीच आमची चूक ठरली. मुक्तिनाथच्या वाटेवर घासा गावाच्या पुढे एकाची क्लच केबल तुटली आणि पुढच्या सहा गाड्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही तिघे रस्त्याकडेला केबल बदलत बसलो आणि पुढचे लोक जोमसोमला आमची वाट पाहत कासावीस झाले. अंधार पडल्यावर आम्ही पोहोचलो, तेव्हा क्लबच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होते. तेव्हापासून आम्ही पाचांपेक्षा मोठा गट करत नाही. तुमचे पाच, पाच आणि चार असे तीन गट होतील. प्रत्येक गटात पुढे वाट माहीत असलेला, शेवटी हत्यारे आणि सुटे भाग बाळगणारा जाणता माणूस ठेवा, आणि फाटा आला की मागची गाडी आरशात दिसल्याखेरीज कोणी वळायचे नाही, हा नियम करा.

बेनीच्या पुढे रस्ता कालीगंडकीच्या खोऱ्यातून जातो. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा आणि मधून नदी, अशी ती खिंड आहे. सकाळी तिथे पान हलत नाही. दुपार जवळ आली की दक्षिणेकडून वारा सुटतो. जाताना तो पाठीवर असल्याने फारसा जाणवत नाही, परतताना मात्र तोच तोंडावर येतो. कागबेनीला मी गाडी साइड स्टँडवर लावून हातमोजे काढत होतो, तेवढ्यात वाऱ्याने ती माझ्या डोळ्यांदेखत आडवी केली. नदीपात्रातील वाळू हेल्मेटच्या काचेवर तडतडत होती. म्हणून परतीच्या दिवशी उजाडताच जोमसोम सोडा आणि चहा खाली उतरल्यावर घ्या.

रानवारा (कोल्हापूर)

एका दिवसात मुक्तिनाथ हा बेत कृपया सोडून द्यावा. पोखरा सुमारे ८०० मीटरवर आहे आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. एवढी चढण एका दिवसात अंगावर घेतली, तर तरण्या मुलांचेही डोके धरते. मुक्काम मार्फा किंवा जोमसोमला करा, दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन पुन्हा खालीच झोपायला या. सरांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य भेटावे, आणि १०८ धारांखालच्या स्नानाचा मोह झाला तरी ते पाणी बर्फासारखे असते, हे त्यांना आधीच सांगावे. दुकानदार ‘आयसी की एनसी’, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, असे विचारतात. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०, एवढे प्रत्येकाने लक्षात ठेवले की भाव ठरवताना गोंधळ होत नाही.

घाटवाट (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक घेऊन तारीख दसऱ्यानंतर नेली, मार्फ्याचा मुक्काम वाढवला आणि भन्सार दहा दिवसांचा भरायचे ठरवले. एकच प्रश्न उरला आहे : सरांना गटात कोठे ठेवावे? ते स्वतः शेवटी राहायचे म्हणतात.

शेवटची गाडी (पुणे)

दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. सर्वांत सावकाश चालवणारा शेवटी राहिला की पुढच्यांना गाठण्यासाठी तो आपल्या बेताबाहेर वेग वाढवतो. दुसरा असला की सगळा गट आपोआप त्याच्या चालीने चालतो. सरांना हे तुम्ही एकांतात सांगा, बैठकीत नको.