हाय-एंड ऑडिओ प्रदर्शनातल्या खोल्या हिंडून स्पीकर कळतो का?

रावेरकर
मुंबईत एका हॉटेलात भरलेलं हाय-एंड ऑडिओचं, म्हणजे महागड्या स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरचं, प्रदर्शन बघून आलो. मजा आली, पण तिथल्या खोल्या हिंडून स्पीकर पसंत करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार! चार मीटर रुंदीची खोली. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४३ हर्ट्झच्या आसपासचा बास, म्हणजे खालचा जाड सूर, अडकून घुमणारच. आपण ऐकतो ती खोली, स्पीकर नव्हे. त्यात आवाज शोषणाऱ्या पलंग-गाद्या बाहेर काढलेल्या, शेजारचा ड्रम भिंतीतून आत. जावं तिथे तीच कुजबुजत गाणारी बाई अन् मागे डबल बास हे थोरलं तंतुवाद्य. पेनड्राइव्हमधली सनई लावा म्हटलं, तर "सर, पुढचा स्लॉट सुरू होतोय."

धुळ्याचा अप्पा
मग ऐकायचं कुठे भो? दहा लाखांचा स्पीकर डेमोला लावून ठेवलाय असं एक दुकान धुळे-जळगाव-नंदुरबारात दाखवा, चहा माझ्याकडून. प्रदर्शनात सगळ्यांच्याच वाट्याला तसली खोली येते. तरी एखादा छोटे स्पीकर आणतो, भिंतीपासून पुढे ओढतो, आवाज बेताचा ठेवतो आणि गायक जणू समोर येऊन बसतो. दुसरा तेवढ्याच खोलीत पुरुषभर उंचीचे टॉवर स्पीकर कोंबतो. एवढं कळलं तरी गाडीभाडं वसूल.

रावेरकर
म्हणजे मांडणाऱ्याची परीक्षा झाली, मालाची नाही. मी वेगळं काय म्हणतोय अप्पा?

भुसावळ जंक्शन
दोघं कानांवरून भांडताय, खरा घोळ डोळ्यांचा आहे. स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी ४० जणांना चार स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. १९९४ सालची गोष्ट. दिसल्याबरोबर गुण बदलले, भारदस्त दिसणारे वर चढले. इथे तर खोलीत अंधार करून नेमका अ‍ॅम्प्लिफायरवर झोत सोडतात. आधी पडदा लावा म्हणावं.

चाळीसगावची माई
भाऊ, पडदा कोण लावतंय, विकायला बसलेत ते. मी अप्पांच्या बाजूने, पण आवाजाचं बटण आपल्या सांगण्यावर फिरलं पाहिजे. आवाज एक-दोन डेसिबल, म्हणजे किंचित, जास्त असला तरी तोच स्पीकर सरस वाटतो, आणि डेमोवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. "जरा कमी करा" म्हणायचं आणि गाणाऱ्या बाईचा आवाज पातळ पडतो का ते ऐकायचं. आणि रावेरकर, हॉटेलला नावं ठेवता, तुमच्या हॉलमध्ये एक टाळी वाजवून बघा कशी घुमते! वर स्लॅब, खाली टाइल्स, बाजूला काचेचं शोकेस. आपल्या उन्हाळ्यात गालिचा अंथरतो कोण? हॉटेलात निदान जाड पडदे असतात.

रावेरकर
म्हणूनच तर म्हणतो, ज्या हॉलमध्ये वाजणार तिथेच ऐका. आठवडाभर घरी ठेवून घेऊ देणारा डीलर शोधा, प्रदर्शनाला गंमत म्हणून जा.

धुळ्याचा अप्पा
ऐंशी किलोची पेटी पुण्याहून धुळ्याला पाठवून, नापसंत पडली तर स्वतःच्या खर्चाने परत नेणारा डीलर? सापडला की कळवा, पहिला नंबर माझा.